पाण्याखालचें लेणें

आम्ही वेरूळचे. गांवाच्या एका अंगाला घृष्णेश्वराचें देऊळ, दुसऱ्या अंगाला डोंगराच्या कुशींत कोरलेलीं चौतीस लेणीं, आणि मालोजीराजे भोसल्यांची पाटिलकी जिच्यांत नांदली ती काळी माती. एवढ्यांत आमचा जन्म गेला. पाणी म्हटलें कीं आम्हांस येळगंगा आठवते, आणि तीही पावसाळ्यापुरती. एकोणतिसाव्या लेण्यापाशीं तिची धार कड्यावरून कोसळते ती पाहावयास दुरून लोक येतात. परंतु वैशाखांत तेथें जावें तर ओला दगड सांपडावयाची पंचाईत. अशा गांवचा मनुष्य वयाच्या पासष्टीला तोंडांत नळी धरून समुद्राच्या पाण्यावर पालथा पडला, असें कोणी सांगितलें असतें तर आम्हीं त्यास वेड्यांत काढलें असतें. तरी तें घडलें खरें.

आमच्या निवृत्त शिक्षकमंडळींत दरसाल एक सहल काढण्याची वहिवाट आहे. पंढरपूर झालें, गाणगापूर झालें, नरसोबाची वाडी दोनदां झाली. यंदा आमच्या एका इतिहासप्रेमी स्नेह्यांनीं मुद्दा मांडला कीं, मालोजीराजे आपल्या गांवचे. त्यांच्या नातवानें भर समुद्रांत बांधलेला सिंधुदुर्ग आपण पाहिलेला नाहीं, ही वेरुळकरांस शोभणारी गोष्ट नव्हे. मुद्दा बिनतोड होता. आम्ही चौदा जण, त्यांत सहा स्त्रिया व आमचा बारा वर्षांचा नातू, मार्गशीर्षांत निघालों. निघतांना एका वयोवृद्ध गृहस्थांनीं कलिवर्ज्य प्रकरणांतील समुद्रयानाच्या निषेधाची आठवण दिली. किनारा डोळ्यांसमोर असतां तो निषेध लागतो कीं नाहीं, यावर पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत वाद चालला. फोंडा घाटाच्या वळणांनीं वादी व प्रतिवादी दोघांच्याही पोटांत ढवळूं लागलें आणि तो आपोआप मिटला.

कणकवलीवरून मालवणास पोंचलों तेव्हां उजाडत होतें. प्रथम समुद्र दिसला नाहीं, त्याचा वास आला. मग माडांच्या पलीकडे एक निळी भिंत उभी दिसली. घाटावरच्या माणसास समुद्र प्रथम उभाच दिसतो; तो आडवा पसरला आहे हें डोळ्यांस पटावयास कांहीं वेळ लागतो. धक्क्यावर होडीवाले वाट पाहत होते. दिवसभराचा बेत त्यांनींच ठरवून दिला. सकाळीं वारा पडलेला व पाणी नितळ असतें, म्हणून आधीं किल्ल्याला वळसा घालून त्याच्या मागच्या अंगाच्या खडकांवरील पोवळीं पाहावयाचीं. मग किल्ल्यांत उतरावयाचें. आणि जेवणानंतर दक्षिणेस देवबागेकडे, कर्ली नदी समुद्रास मिळते तेथपर्यंत जाऊन दिवेलागणीला परत यावयाचें. पाण्यावर तरंगत नळीनें श्वास घेऊन खालचें पाहण्याच्या या प्रकारास 'स्नॉर्कलिंग' म्हणतात. आमच्यापैकीं तो शब्द फक्त नातवास नीट उच्चारतां येत होता.

होडींत बसतांच प्रत्येकाच्या अंगांत नारिंगी रंगाचें तरंगतें जाकीट अडकविण्यांत आलें. नऊवारी लुगड्यावर तें जाकीट घातलेलें आमचें कुटुंब पाहून नातवास हसूं आवरेना. आम्हीं त्यास डोळ्यांनीं दटावलें; परंतु धोतर सोडून मुलाची आंखूड विजार चढविलेले आम्ही स्वतः कसे दिसत होतों, याची चौकशी केली नाहीं.

कुरटें नांवाच्या खडकाळ बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं या किल्ल्याचा पाया घातला गेला. त्या वेळची पूजा किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशीं झाली असें तेथील लोक सांगतात. तीन वर्षांत काम उभें राहिलें. आंतील जागा ४८ एकर. भोंवतालीं सुमारें दोन मैलांचा तट, आणि तो कोठेंच सरळ नाहीं. बेटाचा खडक जसा वळतो तसा तट वळतो, त्यामुळें तटाखालीं आलेली कोणतीही होडी दोन बाजूंच्या माऱ्यांत सांपडावी. महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणांत असा लपविलेला आहे कीं अगदीं समोर जाईपर्यंत तो दिसत नाहीं. आमच्या गांवचें कैलासलेणें डोंगराच्या माथ्यापासून खालीं खालीं उतरत कोरलें गेलें. येथें मनुष्य पाण्यापासून वर वर चढत गेला. दोन्ही कामें एकाच आयुष्यांत पाहावयास मिळालीं, याचें समाधान होडींत बसल्या बसल्याच झालें. तेथूनच परतलों असतों तरी सहल वसूल झाली असती.

परंतु होडी किल्ल्याच्या मागें जाऊन थांबली, आणि नळ्या व कांचा बाहेर निघाल्या.

पहिली अडचण धर्मशास्त्राची होती. "अहो, ती नळी आणखी कोणाकोणाच्या तोंडांत गेली असेल?" असा प्रश्न आमच्या कुटुंबानें हलक्या आवाजांत विचारला. होडीवाल्यानें तो ऐकून नळी औषधाच्या पाण्यांतून बुडवून काढली व आमच्या हातीं दिली. औषधानें उष्टें निघतें कीं काय, हा विचार आम्हीं दुसऱ्या दिवसावर टाकला. दुसरी अडचण याहून बिकट होती. डोळ्यांवरच्या कांचेवर वाफ धरूं नये म्हणून तिच्या आंतल्या बाजूस थुंकून ती पुसावी लागते. पाटीवर थुंकी लावूं नये म्हणून पस्तीस वर्षें ज्यांनीं मुलांचे कान पिळले, त्यांस आतां चौदा माणसांसमक्ष कांचेवर थुंकण्याचा हुकूम झाला! नातू आमच्याकडे टक लावून पाहत होता. आम्हीं पाठ फिरवून तें कार्य उरकलें.

पोहणें आम्हांस विहिरीपुरतें येतें, आणि तें येऊनही चाळीस वर्षें झालीं. एका रबरी कड्यास धरून होडीवाल्याच्या मदतनिसानें आम्हांस पाण्यांत उतरविलें. पहिलीं दोन मिनिटें श्वास घेण्याचीच धडपड होती. नाकानें श्वास घेण्याची साठ वर्षांची खोड तोंडाला एकाएकीं शिकवितां येत नाहीं. मग श्वास लागला, आणि डोळे उघडले.

कैलासाच्या मागच्या डोंगरावर चढून कड्याच्या कांठीं पालथें पडावें आणि खालीं पाहावें, म्हणजे जें दिसतें त्याची आठवण झाली. तेथें शंभर फुटांखालीं शिखर, त्याखालीं मंडप, त्याखालीं अंगण, अशी एकाखालीं एक सृष्टि उलगडत जाते. येथें दोन पुरुष खोलीच्या आंतच तसें होतें. खडकांच्या ओवऱ्या होत्या, खांब होते, अंधाऱ्या कोनाड्यांतून कांहीं तरी डोकावत होतें. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे आमच्या कांचेपाशीं येऊन चौकशी करून जात. चोंचीसारख्या तोंडाचा एक मोठा मासा खडक खरवडीत होता. कोनांत काट्यांचा एक काळा गोळा बसला होता, तो हलतो हें बऱ्याच वेळानें ध्यानांत आलें. आणि सगळ्यांवर पोवळीं: कोठें मेंदूसारख्या वळ्यांचे गोटे, कोठें पळसाच्या पानांचे द्रोण एकांत एक रचून ठेवावे तशा पातळ थरांच्या रचना. रंग आम्हीं मनांत कल्पिला होता तसा तांबडा नव्हता. तपकिरी, हिरवट, क्वचित् जांभळट.

तांबडें पोवळें, जें मंगळाच्या अंगठींत बसवितात, तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येतें. मालवणच्या पोवळ्यांची जात निराळी. अमरकोशांत प्रवाल व विद्रुम हीं नांवें जोडीनें येतात, आणि विद्रुम म्हणजे एका प्रकारचें झाडच, असें आम्ही वर्गांत बेधडक सांगत आलों. तें झाड नव्हे. बारीक बारीक जीव एकमेकांस चिकटून राहतात व चुन्याचें घर बांधतात. तें घर म्हणजे पोवळ्याचा खडक. त्या जीवांच्या अंगांत एक अतिसूक्ष्म शेवाळ वस्तीला असतें. तें उन्हावर अन्न तयार करून यजमानास देतें, आणि त्याचा रंग तोच पोवळ्याचा रंग. पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलें म्हणजे हा घरोबा तुटतो, शेवाळ बाहेर पडतें आणि पोवळें पांढरें पडतें. तें फार दिवस पांढरें राहिलें तर उपाशी मरतें. एप्रिल २०२४ मध्यें अमेरिकेच्या समुद्र व वातावरण खात्यानें, पोवळीं पांढरीं पडण्याची जगव्यापी लाट चौथ्यांदां आली असल्याचें जाहीर केलें होतें. पुष्कळ जातींचीं पोवळीं वर्षाकांठीं जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. हें सगळें आम्हांस मागाहून वाचून कळलें. पाण्यांत असतांना कांहींच माहीत नव्हतें. नुसतें पाहत होतों.

तेवढ्यांत कांचेच्या कडेनें पाणी आंत शिरलें. तें नाकांत गेलें, आम्हीं श्वास ओढला, तोंडांतील नळी सुटली आणि खारट पाण्याचा मोठा घोट घशाखालीं गेला. त्या क्षणीं पासष्ट वर्षांचा सर्व विवेक नाहींसा होऊन एकच इच्छा उरली: पाय टेकावे. हातांतलें कडें सोडून आम्ही उभे राहावयास गेलों. खडकाचा एक उंचवटा जवळच होता. टांचेखालीं कांहीं तरी लागलें, क्षणभर त्यानें आमचा भार घेतला, आणि मग तें कपचीसारखें मोडलें. आवाज आला नाहीं. पण मोडल्याची जाणीव टांचेंतून गुडघ्यापर्यंत आली.

"मास्तर, घाबरू नकात, मी आसंय," असें म्हणत मदतनिसानें दंड धरला. "पाय मात्र टेकू नकात."

तें सांगण्यास उशीर झाला होता. श्वास ताळ्यावर आल्यावर आम्हीं कांच पुसून पुन्हां डोळ्यांवर चढविली व खालीं पाहिलें. द्रोणाच्या थरांपैकीं वरच्या थराची तळहाताएवढी कड निघून खालच्या खोबणींत पडली होती. मोडलेला भाग पांढरा शुभ्र दिसत होता, आणि त्याच्याभोंवतीं उठलेला गाळ सावकाश खालीं बसत होता. ते पट्ट्यांचे मासे तेथें येऊन वास घेत होते.

वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आम्हांस तशी वाटली नाहीं, याचें कारण सांगितलें पाहिजे. लेण्यांच्या गांवीं शिक्षकी केल्यामुळें मुलांना लेणीं दाखविणें हा आमचा आवडीचा उद्योग, आणि खांबांवर नांवें कोरणाऱ्यांचा तिटकारा हा त्याचाच भाग. जॉन स्मिथ नांवाच्या ज्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस १८१९ सालीं अजिंठ्याचीं लेणीं पडलीं, त्यानेंच तेथील दहाव्या लेण्यांत आपलें नांव कोरून ठेवलें. पाहावयास येणारा मनुष्यच कसा घात करतो, याचा दाखला म्हणून ही हकीकत आम्हीं किती वर्गांना सांगितली असेल! दगडावर ओरखडा उठला तर एवढा राग. येथें तर जिवंत लेणें टांचेनें मोडलें होतें. आणि रोज पहाटें अंथरुणांतून उठतांना, समुद्र हेंच जिचें वस्त्र त्या भूमीस पायाचा स्पर्श होणार म्हणून तिची क्षमा मागावयाची, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा नेम. तो श्लोक त्या दिवशीं सकाळींही म्हटला होता. मोटारींत बसल्या बसल्या म्हटला होता, हें कबूल.

होडींत परत आल्यावर घडलें तें आम्हीं होडीवाल्यास सांगितलें. सांगणें जड गेलें. आमच्या बायकोमुलांसमोर तो आम्हांस चार शब्द सुनावील अशी तयारी ठेवली होती. तो एवढेंच म्हणाला, "रोजच लागतत पाय, मास्तर."

त्यापेक्षां चार शब्द बरे होते.

मग तो बोलूं लागला. तो गाबीत, बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. १३ एप्रिल १९८७ रोजीं सरकारनें मालवणच्या या समुद्रास अभयारण्य ठरविलें, सुमारें २९ चौरस किलोमीटर. त्यांतील तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. मासेमारी बंद होऊन घरांतील चूल विझणार म्हणून त्याच्या वडिलांनीं इतरांबरोबर कडाडून विरोध केला होता. आतां मुलाची चूल पोवळीं दाखवून पेटते. "बा म्हणायचो, जाळी वाचवा. आता मी म्हणतंय, खडक वाचवा," असें म्हणून तो हसला. त्यानें आपला नांगर वाळूंत टाकला होता, हें आम्हांस त्याच्या बोलण्यानंतर दिसलें. शेजारच्या एका होडीचा नांगर सरळ खडकांत पडला होता आणि तिच्यांतील मंडळी माशांना बिस्किटें चारण्यांत दंग होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. हौशी बुड्या मारणाऱ्यांमुळें मालवणच्या पोवळ्यांची कशी मोडतोड होते, हाच त्याचा विषय. वन्यजीव संरक्षण कायद्यानें पोवळ्यांस पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसविलें आहे. वाघावर पाय देण्याची छाती कोणाची होत नाहीं.

आमच्या वयाच्या वाचकांपैकीं कोणी तेथें जाणार असतील, तर जाऊं नका असें आम्ही म्हणणार नाहीं. तें दृश्य पाहिल्यावर तसें म्हणवत नाहीं. परंतु किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यांत, जेथें खालीं नुसती वाळू आहे, तेथें अर्धा तास नळीनें श्वास घेण्याचा सराव करावा. कांच आपल्या तोंडास नीट बसते कीं नाहीं तें तेथेंच पाहावें. मिशी असली तर पाणी शिरतें, ही गोष्ट आम्हांस कोणी आधीं सांगितली नव्हती. आणि कडें सोडूं नये. पाण्यांत जाकीट माणसास तरंगतें ठेवीत असतां पाय टेकण्याची कांहींएक गरज नसते. हें डोक्यास ठाऊक असून भागत नाहीं, पायांस ठाऊक व्हावें लागतें.

त्यानंतर किल्ल्यांत गेलों. चारी बाजूंस खारें पाणी आणि आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. प्रत्येकीचें पाणी आमच्या स्त्रियांनीं चाखून पाहिलें व तिघींत साखरबावीस कौल दिला. शिवराजेश्वराच्या देवळांत महाराजांची मूर्ति दाढीवांचून व डोक्यावर नावाड्यासारखी टोपी घातलेली आहे. समुद्रावर आलेला देशावरचा राजा असाच दिसला पाहिजे, असें आमच्या मनांत आलें. तटाजवळ एका घुमटींत चुन्यांत उमटलेला पंजा व दुसरींत पाऊल जपून ठेवलें आहे. तीं महाराजांचीं मानतात. सर्वांनीं वांकून नमस्कार केला. नातू पावलाकडे पाहून मग आमच्या टांचेकडे पाहूं लागला. तिच्यांतून रक्त येत होतें, आणि तें आम्हांस तोंपर्यंत कळलेंच नव्हतें.

जेवण एका घरगुती खानावळींत झालें: उकड्या तांदळाचा भात, काजूची उसळ, आणि सोलकढी, जिच्या तीन वाट्या आम्हीं घेतल्या. दुपारीं देवबागेस जातांना डॉल्फिन दिसतील म्हणून सगळे एका बाजूस झुकून बसले होते, दिसले नाहींत. देवबागेची जमीन म्हणजे एका अंगाला नदी व दुसऱ्या अंगाला समुद्र यांच्यामधील एक अरुंद पट्टी आहे. तिच्यावर लोक पिढ्यान् पिढ्या घरें बांधून राहतात याचेंच नवल. परततांना सूर्य किल्ल्यामागें गेला. आमचे इतिहासप्रेमी स्नेही आरमाराविषयीं बोलत होते. त्यांतील फारसें कानांवर आलें नाहीं.

टांचेची जखम लवकर भरली नाहीं. पोवळ्याच्या जखमा चिघळतात असें गांवीं परतल्यावर डॉक्टरांनीं सांगितलें. तीन आठवडे पट्टी होती. त्याच सुमारास शाळेच्या मुलांबरोबर लेण्यांत जाण्याचें बोलावणें आलें. हा परिपाठ आम्हीं निवृत्तीनंतरही सोडलेला नाहीं. दशावताराच्या लेण्यांत एक मुलगा खांबाआड उभा राहून कर्कटकाच्या टोंकानें कांहीं तरी करीत होता. पूर्वींचे आम्ही असतों तर त्याचा कान हातांत आला असता. या वेळीं त्याच्याजवळ जाऊन खालीं बसलों, चप्पल काढून टांच दाखविली आणि सगळी हकीकत सांगितली.

त्यानें ती लक्ष देऊन ऐकली. कान पिळला जाणार नाहीं अशी खात्री झाल्यावर त्यानें विचारलें, "मग तें परत केव्हां वाढेल, गुरुजी?"

वर्षास एक सेंटिमीटर, आणि मोडला तो तुकडा सुमारें आठ सेंटिमीटरांचा. हिशेब आम्हीं त्यालाच करावयास लावला. त्यानें बोटांवर मोजलें. "म्हणजे तेव्हां मी वीस वर्षांचा असेन," तो म्हणाला. आमचें वय तेव्हां किती असेल, हेंही त्यानें विचारलें. परंतु रांग कैलासाकडे निघाली होती, आणि चपलेचा पट्टा टांचेवर चढवावयास आम्हांस थोडा वेळ लागला.